उंबरठ्यावरचा खर्च

लशीच्या बाटलीचा खर्च अंदाजपत्रकात दिसतो. शीतपेटी, सुया, गाडीचं डिझेल, तेही दिसतं. पण "आमच्या पोराला नको" म्हणणाऱ्या घरी चौथ्यांदा जाऊन बसायचा खर्च कुठे मांडायचा? प्रचाराचा पैसा म्हटला की कार्यालयांना आधी फलक आठवतात. मी कवी, म्हणून माझ्याकडे दोन ओळी मागायला येतात; "जरा उर्दू वळणाच्या द्या" असंही सांगतात. घरात दखनी आणि बाजारात मराठी बोलणाऱ्या आमच्या वस्तीत त्या कोण वाचणार, हे कुणी विचारत नाही.

पल्स पोलिओ १९९५ साली सुरू झाला. 'दो बूंद जिंदगी की' पोराटोरांच्या तोंडी झालं. तरी पश्चिम उत्तर प्रदेशातल्या अनेक मुस्लिम मोहल्ल्यांत दारं बंद होत होती. या थेंबांनी पुढे मुलं होत नाहीत, अशी अफवा होती. तिला अडाणीपणा म्हणून मोकळं होणं सोपं. पण गटार तुंबलेलं, नळाला पाणी नाही, आणि एकाच औषधासाठी सरकार पुन्हा पुन्हा दारात! शंका येणारच. मलाही आली असती.

मग २००१पासून युनिसेफच्या मदतीने तिथल्याच बायका मानधनावर नेमल्या गेल्या. कुणाकडे बाळ जन्मलं, कोण का नको म्हणतं, याची त्या घरवार नोंद ठेवत. अलिगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिलिया, मशिदींचे इमाम सोबत आले. २००९मध्ये उत्तर प्रदेश-बिहारमधले १०७ विकास गट निवडून तिथे थेंबांबरोबर स्वच्छता आणि जुलाबावरच्या उपचाराकडेही लक्ष दिलं गेलं. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११चा, हावड्याचा.

आपल्याकडे २०२२च्या ऑक्टोबरात गोवंडीत गोवर पसरला. लहान मुलं दगावली. कोविडच्या काळात कित्येकांच्या नेहमीच्या लशी राहून गेल्या होत्या. गोवराचा एक रुग्ण लस न घेतलेल्या १२ ते १८ जणांना तो देऊ शकतो, म्हणून १००पैकी ९५ मुलांना लस मिळालेली असावी लागते. मौलानांना बोलावणं गेलं ते मुलं गेल्यावर.

राष्ट्रीय आरोग्य अभियानाने आशाताईंसाठी दर ठरवला, तो पहिल्या वर्षाच्या सगळ्या लशी पूर्ण झाल्या की बाळामागे १०० रुपये. जे घर दहा मिनिटांत हो म्हणतं त्याचेही १००, सासूची समजूत काढायला चार फेऱ्या पडतात तिथलेही १००. घर नाहीच म्हणालं, तर त्या बाळाचे काही नाहीत. आणि हातावर पोट असलेल्या आईला बाळाच्या तापापायी खाडा पडणार असतो, हेही त्या फेऱ्यांत ऐकून घ्यावं लागतं.

माझं मागणं एवढंच. फलकांचा पैसा थोडा कमी करा. या फेऱ्यांचा रोज आशाताईला वेगळा द्या, गोवंडीत, मालेगावात, साथ नसतानाही. लस टोचल्यावर ताप आलेलं बाळ दुसऱ्या दिवशी बघून येण्याचाही द्या.