रात्रीचे पाणी आणि उष्णतेची दुर्बीण

(धुळे येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



9 डिसेंबर 2017 च्या रात्री चाळीसगाव तालुक्यातील वरखेडे गावाच्या परिसरात एक बिबट्या गोळीने मारला गेला. त्याआधीच्या काही महिन्यांत गिरणेच्या खोऱ्यात पाच-सात माणसे बिबट्याच्या हल्ल्यांत मृत्युमुखी पडली होती. त्यांत स्त्रिया आणि मुले अधिक होती. पिंजरे लावून झाले, वनखात्याची पथके फिरली. तत्कालीन जलसंपदामंत्री गिरीश महाजन हाती पिस्तूल घेऊन बिबट्याच्या मागावर निघाल्याचे चित्रही देशभर पाहिले गेले. अखेरीस हैदराबादचे शिकारी नवाब शफाअत अली खान यांना पाचारण करण्यात आले आणि त्यांच्या गोळीने तो बिबट्या पडला. गावाने सुटकेचा निःश्वास टाकला. त्या निःश्वासाला नावे ठेवण्याचा अधिकार शहरात दारे लावून झोपणाऱ्या कोणालाही नाही.

कायद्यातही यास जागा आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अकराव्या कलमानुसार, मानवी जीवितास धोकादायक झालेला आणि पकडणे, बेशुद्ध करणे वा अन्यत्र हलविणे शक्य नसलेला प्राणी मारण्याची लेखी व सकारण परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुक्कर व नीलगायीसारख्या प्राण्यांबाबतही याच कलमात तरतूद आहे. तेव्हा 'मारावे की मारू नये' एवढ्यापुरताच वाद घालत बसणे निरर्थक होय. कार्यकर्त्यांपुढचा प्रश्न निराळा आहे. मारण्याचे साधन दिवसेंदिवस अधिक कुशल होत असताना मरणाऱ्या माणसाची परिस्थिती जशीच्या तशी का राहते?

हे नवे साधन म्हणजे उष्णतादर्शक दुर्बीण. प्रत्येक उबदार शरीरातून उष्णतेच्या लहरी बाहेर पडत असतात. साधारण आठ ते चौदा मायक्रॉन लांबीच्या या लहरी मानवी डोळ्याला दिसत नाहीत आणि साध्या काचेतूनही जात नाहीत. म्हणून या दुर्बिणीचे भिंग जर्मेनियम या मूलद्रव्याचे असते. काळ्याकुट्ट अंधारात, कंदील वा बॅटरीचा झोत न टाकता, शेकडो मीटरवरचा प्राणी तीत उजळ आकृतीसारखा दिसतो. ही दुर्बीण बंदुकीवर बसविता येते, तशीच ड्रोनवरही. 2018 साली यवतमाळ जिल्ह्यात अवनी वाघिणीच्या शोधात असे ड्रोन वापरले गेले. नोव्हेंबर 2025 मध्ये पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील पिंपरखेड येथे, वीसेक दिवसांत तीन बळी गेल्यावर, बिबट्याचा ठावठिकाणा रात्री अशाच ड्रोनने लावला. बेशुद्धीचा बाण यशस्वी झाला नाही, बिबट्या पथकावर चालून आला आणि त्याला गोळी घालण्यात आली.

या साधनाची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. संकटग्रस्त गावात जनावर नेमके कोठे आहे हे कळणे, हाकाऱ्यांना अंधारात झुडपांत न धाडावे लागणे, हा लाभ लहान नव्हे. परंतु त्याच्या मर्यादाही माहीत असल्या पाहिजेत. ही दुर्बीण उष्णता पाहते, ओळख पाहत नाही. एक बिबट्या दुसऱ्यापासून निराळा ओळखला जातो तो त्याच्या अंगावरील ठिपक्यांच्या रचनेवरून, आणि ते ठिपके उष्णतेच्या चित्रात धड उमटत नाहीत. ज्या शिवारात तीन-चार बिबटे वावरतात तेथे दिसलेला प्राणी हाच अपराधी, हे दुर्बीण सांगू शकत नाही. केळीच्या बागेतील वा उसाच्या फडातील दाट पाल्याआडचेही तिला दिसत नाही. आणि जळगाव-धुळ्याच्या उन्हाळ्यात दिवसभर तापलेली जमीन व दगड रात्री बराच वेळ उष्णता टाकत राहतात, तेव्हा आकृती फिकट होते. अवनीला 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री गोळी घातल्यानंतर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशी समितीने कार्यपद्धतीतील नियमभंगावर बोट ठेवले. रात्रीच्या गोळीला साक्षीदार थोडे असतात. म्हणूनच तिच्यावर नियमांचे बंधन अधिक कडक हवे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. रात्री शेतात असते कोण? बिबट्या निशाचर आहे हे सर्वांस ठाऊक आहे. माणूस मात्र निसर्गतः निशाचर नाही. त्याला निशाचर केले ते विजेच्या वेळापत्रकाने. महाराष्ट्रात कृषिपंपांना तीन फेजची वीज वर्षानुवर्षे आळीपाळीने दिली गेली: काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री आठ ते दहा तास. दिवसाची वीज कारखान्यांना व शहरांना हवी, म्हणून शेताच्या वाट्याला रात्र आली. ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याने रात्री बारा-एकला उठून मोटार सुरू करावी, चिखलात उभे राहून दारी फोडावी. मोठा बागाईतदार स्वतः क्वचितच जातो. जातो त्याचा सालदार. लहान शेतकऱ्याला सालदार परवडत नाही, म्हणून तो आणि त्याचा मुलगा जातात. बिबट्या जातपात पाहत नाही असे म्हणतात. ते खरेही असेल. पण त्याच्या समोर कोणाला उभे करायचे हे समाजाची आर्थिक रचना आधीच ठरवून ठेवते.

मजुरांच्या निवाऱ्याचेही तेच. कापूस वेचणीच्या हंगामात वाकून काम करणाऱ्या बाया, बांधावर झोळीत ठेवलेली लेकरे, यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात बागेतच झोपडी करून राहणारी पावरा व भिल्ल कुटुंबे, ऊसतोडीच्या फडातील पालाच्या खोप्या, उघड्यावर वाडा लावणारे मेंढपाळ. यांच्या झोपडीला दार नाही, अंगणात दिवा नाही, शौचाला अंधारात जावे लागते. एका गोळीचा खर्च सरकार तातडीने करते. एका दाराचा, एका दिव्याचा, एका संडासाचा खर्च मात्र पुढच्या अंदाजपत्रकावर ढकलला जातो.

खानदेशाला शिकारीचा इतिहास नवा नाही. कंपनी सरकारच्या अमलात जेम्स औट्रम याने येथे भिल्ल पलटण उभी केली. 1825 ते 1834 या काळात त्याने व त्याच्या साथीदारांनी दोनशेहून अधिक वाघ मारल्याची नोंद त्याच्या चरित्रात आहे. चाळीसगावहून कन्नडला जाणाऱ्या घाटाला त्याचेच नाव पडले आणि गौताळा-औट्रमघाट अभयारण्याच्या नावात ते आजही आहे. वाघ गेले, जंगल तुटले, माळरानाची शेती झाली. पुढे धरणे व विहिरी आल्या, ऊस, केळी आली. बिबट्याला लपायला उसाएवढी सोयीची जागा नाही आणि खायला गावची कुत्री, शेळ्या, डुकरे आहेतच. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी नगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात केलेल्या अभ्यासात, जेथे मोठे जंगल नाही अशा शेतशिवारात शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. तेव्हा 'बिबट्या जंगल सोडून गावात आला' हे वाक्य वर्तमानपत्रांनी आता आवरते घ्यावे. तो शेतातच जन्मतो आणि शेतातच वाढतो.

याच अभ्यासकांनी जुन्नरचा दाखला दिला आहे. 2001 पासून तेथे बिबटे पकडून दूर सोडण्याची मोहीम हाती घेण्यात आली. त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. मोहिमेनंतर ते सतरावर गेले. एक प्राणी उचलला की त्याची जागा दुसरा घेतो, आणि अनोळखी मुलखात सोडलेला प्राणी बिथरतो. नरभक्षक ठरलेला एखादा प्राणी मारणे ही आपत्कालीन शस्त्रक्रिया होय. सरसकट पकडणे वा मारणे हे धोरण मानले, तर रोग वाढतो.

पिकांची नासाडी करणाऱ्या प्राण्यांचा हिशेब थोडा वेगळा आहे. रानडुकरांचा कळप एका रात्रीत मक्याचे उभे शेत लोळवितो. नीलगायी हरभऱ्याचे शेंडे खुडून नेतात. हे नुकसान खरे आहे आणि ते सोसणारा शेतकरी कर्जबाजारी आहे. वन्यजीव हे राष्ट्राचे धन असेल, तर त्याच्या रक्षणाचा खर्च बांधावरच्या एकट्या शेतकऱ्याने का द्यावा? अर्थशास्त्राच्या भाषेत, लाभ सर्वांचा आणि भार एकाचा, ही व्यवस्था टिकत नाही. ती टिकत नाही म्हणूनच शिवारात विजेच्या तारा सोडल्या जातात, गावठी बॉम्ब पेरले जातात, आणि त्यांत डुकरांबरोबर बिबटे, गुरे व माणसेही मरतात.

यावर दुर्बीण बसविलेली बंदूक हा उपाय सुचविणाऱ्यांनी अमेरिकेतील टेक्सास राज्याकडे पाहावे. तेथे 2011 साली हेलिकॉप्टरमधून रानटी डुकरे मारण्यास मुभा मिळाली. खाजगी जमिनीवर मालकाच्या संमतीने रात्री उष्णतादर्शक दुर्बिणीने शिकार चालते, किंबहुना तो पर्यटनाचा धंदा झाला आहे. तरीही डुकरांची संख्या लाखांच्या घरात आहे, कारण संख्या नुसती स्थिर ठेवायची तर दरवर्षी सुमारे दोन तृतीयांश डुकरे कमी करावी लागतात, असे तेथील कृषितज्ज्ञ सांगतात. आपल्याकडे 2016 साली बिहारमध्ये मोकामा येथे दोनशेहून अधिक नीलगायी शिकारी बोलावून मारल्या गेल्या आणि केंद्रातील दोन मंत्र्यांत जाहीर वाद झाला; वाद विरला, मूळ प्रश्न राहिला. शिवाय अशी दुर्बीण महाग असते. ज्याला ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळविताना तालुक्याचे उंबरे झिजवावे लागतात, त्या दोन एकरवाल्याच्या हाती ती येणार नाही. ती येईल बड्या जमीनदाराच्या व हौशी शिकाऱ्याच्या हाती, आणि चोरून शिकार करणाऱ्याच्याही. अंधारात दाट पिकाआड हलणारी उबदार आकृती डुकराची की पाणी भरणाऱ्या सालदाराची, ही चूक एकदाच होते आणि ती सुधारता येत नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. पहिली मागणी दिवसाच्या विजेची. 2017 साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना जाहीर झाली, 2023 मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. प्रत्येक तालुक्यात किती फीडरांना प्रत्यक्ष दिवसा वीज मिळते, याची यादी कार्यकर्त्यांनी महावितरणकडून मागवावी आणि ग्रामसभेत वाचून दाखवावी. बिबट्याचा वावर असलेल्या शिवारांना अग्रक्रम मिळालाच पाहिजे. दुसरी मागणी, मजुरांच्या वस्तीला दार, दिवा आणि संडास; हंगामी मजूर ज्याच्या शेतात राहतो त्या मालकावरही ही जबाबदारी टाकावी. तिसरी, पीकनुकसानीचा पंचनामा मुदतीत आणि भरपाई बाजारभावाने, आणि कूळ वा बटाईदाराने पीक लावले असेल तर ती त्याच्या हाती. माणूस दगावल्यास मिळणारी मदत 2022 मध्ये वीस लाख रुपये झाली व पुढे वाढली, हे योग्यच. परंतु मेल्यावर मिळणाऱ्या रकमेपेक्षा जगण्याची हमी स्वस्त पडते, हे सरकारच्या ध्यानी आणून द्यावे. चौथी, उष्णतादर्शक ड्रोन व दुर्बिणी वनखात्याच्या जिल्हा पथकाकडे असाव्यात, त्यांच्या वापराची नोंद सार्वजनिक असावी, आणि गोळी घालावीच लागली तर ती ओळख पटल्यावर, लेखी आदेशाने, जबाबदार सरकारी पथकाने घालावी.

या मागण्यांत प्राण्याविषयी द्वेष नाही आणि शेतकऱ्याच्या दुःखाकडे पाठही नाही. जर्मेनियमच्या भिंगातून अंधार भेदता येतो, पण त्या अंधारात माणूस कोणी धाडला, हे भिंग दाखवीत नाही. ते दाखविणे हे चळवळीचे काम आहे. चाळीसगाव, यावल, शिरपूर, साक्री येथील कार्यकर्त्यांनी येत्या रब्बीत रात्री पाणी भरणाऱ्यांबरोबर एक फेरी बांधावरून मारावी आणि कोणत्या शिवारात किती माणसे कोणत्या वेळी कामावर असतात, याची साधी वही तयार करावी. तालुक्याच्या कचेरीत ती वही ठेवली म्हणजे पुढचे बोलणे सोपे होईल.