आराखडा कोणाच्या हाती?

सातारा-सांगलीच्या ग्रामपंचायतींत मिळकत, मालक व कर यांचे नाते नमुना ८ मध्ये नोंदलेले असते. असेच नाते संगणकावर आराखड्याने रेखाटून त्यावरून आज्ञावली आपोआप तयार करण्याची विद्या महाराष्ट्राला नवी नाही. पुण्यात १९८१ साली स्थापन झालेल्या टाटांच्या संशोधन केंद्रात ‘मास्टरक्राफ्ट’ हे व्यापारी साधन घडले. अशा साधनामागे जबाबदार संस्था उभी असते. परवान्याचे मूल्य मात्र मोजावे लागते. ‘एक्लिप्स’ची मुक्तस्रोत साधने विनामूल्य मिळतात, पण ती चालविणारी माणसे आपणच घडवावी लागतात. कराड व सांगली येथे अभियांत्रिकी महाविद्यालये असताना हे अवघड नसावे. केंद्र शासनाचे २०१५ चे धोरणही मुक्तस्रोतास प्राधान्य देते. तथापि, किमतीचा विचार दुय्यम होय. करार संपल्यावर आपला आराखडा दुसऱ्या साधनात उघडता आला पाहिजे, ही अट निविदेतच घालावी.