ज्याचा बाजार, त्याचाच तराजू

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समाजवादी चळवळीने श्रमिकांची जी वर्गवारी मनाशी पक्की केली आहे, तीत गिरणी कामगार आहे, विडी कामगार आहे, शेतमजूर आहे, हमाल-मापाडी आहे. अलीकडे घरोघर अन्नाची पाकिटे पोहोचविणारा तरुणही तीत आला, आणि राजस्थानने २०२३ साली अशा श्रमिकांसाठी देशातील पहिला कायदाही केला. परंतु आपल्या घरच्या खोलीत एका संगणकासमोर बसून मोबाइलची ॲप्स तयार करणारा आणि त्यांवर उपजीविका करू पाहणारा तरुण या यादीत कोठेच बसत नाही. तो कोणाचा नोकर नाही. त्याला मुकादम नाही, हजेरीपट नाही. तो स्वतःला ‘स्वतंत्र’ म्हणवितो. त्याचे हे स्वातंत्र्य कितपत खरे आहे, हा आजच्या विवेचनाचा विषय होय.

प्रथम या धंद्याचा उगम पाहावा. जुलै २००८ मध्ये अमेरिकेच्या ॲपल कंपनीने आपल्या आयफोनसाठी ॲप्सचे दुकान उघडले, तेव्हा त्यात सुमारे पाचशे ॲप्स होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात गूगलने अँड्रॉइड फोनसाठी दुसरे दुकान उघडले. ग्राहकाने दिलेल्या शंभर रुपयांतील सत्तर निर्मात्याला व तीस दुकानदाराला, असा प्रघात तेव्हा पडला. ही वाटणी त्या काळी उदार भासली, आणि ती भासणे स्वाभाविक होते. त्यापूर्वी मोबाइलवर गाण्याची धून वा क्रिकेटचे धावफलक विकणाऱ्या लहान निर्मात्याला दूरध्वनी कंपन्यांच्या दारात उभे राहावे लागे, आणि त्या कंपन्या उत्पन्नाचा मोठा वाटा स्वतःकडे ठेवीत. आता लातूरच्या वा जळगावच्या पदवीधराला गोदाम, वितरक, उधारी यांपैकी कशाचीही गरज न पडता आपली कृती जगभरच्या ग्राहकासमोर मांडता येऊ लागली. नव्या तंत्राने दिलेली ही संधी खरी आहे. ती नाकारणे हे शास्त्रीय समाजवादाला धरून होणार नाही.

या संधीच्या दंतकथाही लवकरच निर्माण झाल्या. व्हिएतनाममधील हनोई शहरात राहणाऱ्या दोंग न्गुएन या तरुणाने एकट्याने ‘फ्लॅपी बर्ड’ नावाचा एक साधा खेळ तयार करून २०१३ साली प्रसिद्ध केला. २०१४ च्या आरंभी तो जगभर पसरला आणि त्यातील जाहिरातींपासून त्याला दिवसाला पन्नास हजार डॉलर मिळत असल्याच्या बातम्या आल्या. लोकांना त्या खेळाचे व्यसन जडत आहे, या कारणाने त्याने फेब्रुवारी २०१४ मध्ये तो स्वतःच मागे घेतला. वर्तमानपत्रांनी त्यातील पन्नास हजारांचा आकडा लक्षात ठेवला. सोडतीचे तिकीट विकणाराही पहिल्या बक्षिसाच्या मानकऱ्याचेच छायाचित्र दुकानावर लावतो, उरलेल्यांची नावे कोणी छापीत नाही.

उरलेल्यांचे अर्थशास्त्र कसे आहे? ॲपपासून पैसा मिळविण्याचे मार्ग मुख्यतः चार. ॲप एकरकमी विकणे, ते फुकट देऊन आतील एखादी सोय विकणे, मासिक वा वार्षिक वर्गणी घेणे आणि जाहिराती दाखविणे. समजा, एखाद्या निर्मात्याने पन्नास रुपये मासिक वर्गणीचे एक उपयुक्त ॲप केले आणि त्याला एक हजार वर्गणीदार मिळाले. महिन्याची वसुली पन्नास हजार रुपये झाली. दुकानदाराने पंधरा टक्के घेतले, तर साडेसात हजार गेले व बेचाळीस हजार पाचशे उरले. त्यातून सर्व्हरचे भाडे, कर आणि ॲपलकडे नोंदणीसाठी दरवर्षी भरावयाचे नव्व्याण्णव डॉलर वजा करावयाचे. आकडा वाईट दिसत नाही. पण फुकट उतरवून घेणाऱ्या शंभरांपैकी दोघेच पैसे भरतात असे धरले, तर एक हजार वर्गणीदारांसाठी पन्नास हजार लोकांनी ते ॲप उतरवून घ्यावे लागते. दुकानात आज लक्षावधी ॲप्स आहेत. या ढिगाऱ्यातून पन्नास हजारांच्या नजरेस पडावयाचे, तर त्याच दुकानात जाहिरात विकत घ्यावी लागते. म्हणजे जागेचे भाडे वेगळे आणि ग्राहकाला दिसण्याचे भाडे वेगळे.

जाहिरातीच्या मार्गाची कथा याहून बोलकी आहे. अमेरिकन ग्राहकाला दाखविलेल्या जाहिरातीचा मोबदला भारतीय ग्राहकाला दाखविलेल्या जाहिरातीच्या कितीतरी पट असतो, कारण जाहिरातदार ग्राहकाची क्रयशक्ती विकत घेत असतो. परिणामी सोलापूरच्या निर्मात्याला मराठी शेतकऱ्यासाठी पिकांवरील रोगांची माहिती देणारे ॲप करण्यापेक्षा अमेरिकेतील मध्यमवर्गाच्या व्यायामाची नोंद ठेवणारे ॲप करणे परवडते. बुद्धी येथली, गरजही येथली. परंतु बुद्धी राबते ती दुसऱ्याच्या गरजेसाठी. वसाहतीच्या काळात वऱ्हाडचा कापूस लँकेशायरला जात असे. त्या व्यवहाराची आठवण व्हावी असेच हे साम्य आहे.

वऱ्हाडच्या कापसाची गोष्ट आणखी एका कारणाने येथे प्रस्तुत आहे. १८९७ साली वऱ्हाडात कापूस व धान्य बाजारासंबंधी कायदा झाला आणि या देशात नियंत्रित बाजारपेठेची कल्पना कायद्यात आली. तो कायदा शेतकऱ्याच्या कळवळ्यातून झाला नव्हता. विलायतेच्या गिरण्यांना चांगला कापूस हवा होता, आणि बाजार चालविणाऱ्या समितीत उत्पादकाला जागा नव्हती. पुढे मुंबई इलाख्यात १९२७ साली कापूस बाजार कायदा झाला आणि महाराष्ट्र राज्यात १९६३ साली कृषी उत्पन्न बाजार समित्यांचा कायदा झाला. या दीर्घ वाटचालीत एक तत्त्व प्रस्थापित झाले. बाजार ही व्यापाऱ्याची खासगी ओसरी नव्हे. तेथील वजन, माप, अडत, लिलाव यांवर सार्वजनिक नियम चालले पाहिजेत आणि उत्पादकाला तेथे आवाज पाहिजे. बाजार समित्या पुढे अडत्यांच्या व पुढाऱ्यांच्या ताब्यात गेल्या, हे खरे. पण तत्त्वाची अंमलबजावणी बिघडली म्हणून तत्त्व खोटे ठरत नाही.

मोबाइलच्या बाजारात हे तत्त्व अद्याप पोहोचलेलेच नाही. तेथे जागेचा मालक, जकात घेणारा, मालाची तपासणी करणारा आणि तक्रारीचा निवाडा देणारा एकच आहे. इतकेच नव्हे, तर शेजारच्या गाळ्यात त्याचा स्वतःचाही माल मांडलेला असतो. संध्याकाळी पडद्याचा रंग डोळ्यांना सुसह्य करणारी ‘एफलक्स’ ही कृती तिच्या निर्मात्यांनी संगणकांवर लोकप्रिय केली होती. २०१५ साली त्यांनी ती दुकानाबाहेरून आयफोनवर देण्याचा प्रयत्न केला, तेव्हा ॲपलने तो थांबवावयास लावला. २०१६ साली ॲपलने तशीच सोय स्वतःच्या फोनमध्ये घातली. गूगलच्या करारात तर अशी तरतूद आहे की, पूर्वी बंद केलेल्या एखाद्या खात्याशी संबंध आढळला तरी निर्मात्याचे खाते बंद होऊ शकते. अशा निर्णयावर अपील त्याच कंपनीकडे करावयाचे असते. वर्षानुवर्षांची कमाई ज्या खात्यावर उभी, ते खाते एका संदेशाने जाऊ शकते. गिरणी मालकालाही कामगाराला काढताना आरोपपत्र द्यावे लागते आणि चौकशी करावी लागते.

या सत्तेला आव्हान मिळू लागले आहे, ही समाधानाची बाब होय. दक्षिण कोरियाने २०२१ साली दुकानदाराच्याच गल्ल्यातून पैसे भरण्याची सक्ती कायद्याने मोडली. युरोपीय संघाचा डिजिटल बाजार कायदा मार्च २०२४ पासून मोठ्या कंपन्यांना लागू झाला, आणि एप्रिल २०२५ मध्ये त्याखाली ॲपलला पन्नास कोटी युरोंचा दंड झाला. भारतात स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला एका प्रकरणात १,३३७.७६ कोटी रुपयांचा, तर ॲपच्या दुकानातील सक्तीच्या देयकपद्धतीबद्दल ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड केला. दुसरा दंड अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२५ मध्ये २१६.६९ कोटींवर आणला. २०२१ साली ॲपल व गूगल या दोघांनीही वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंतच्या कमाईवरील हिस्सा तीस टक्क्यांवरून पंधरावर आणला, तोही चौकश्यांचा आणि खटल्यांचा ताण वाढल्यानंतरच. मक्तेदाराची उदारता बहुधा नोटिशीच्या मागोमाग येते.

परंतु या लढ्याचा वर्गीय तपशील दृष्टिआड करता कामा नये. १ मार्च २०२४ रोजी गूगलने शुल्काच्या वादावरून काही भारतीय कंपन्यांची ॲप्स दुकानातून काढून टाकली. त्यांत विवाह जुळविणाऱ्या व नोकऱ्यांची माहिती देणाऱ्या नामांकित कंपन्या होत्या. केंद्रीय मंत्र्यांनी हस्तक्षेप केला, बैठका झाल्या आणि काही दिवसांतच ती ॲप्स परत आली. देशी भांडवलाचे विदेशी भांडवलाशी भांडण होते, म्हणून दिल्लीचे दार उघडले. एकट्या निर्मात्याचे ॲप काढले गेले असते, तर त्याच्यासाठी कोणत्या मंत्र्याने दूरध्वनी केला असता? त्याला ना संघटना, ना वकील, ना वृत्तपत्रातील चौकट.

दुकानदाराचा हिस्सा हा निसर्गनियम आहे, असेही कोणी समजू नये. राष्ट्रीय देयक महामंडळाने २०१६ साली यूपीआय ही पैसे देण्याची पद्धत सुरू केली. जानेवारी २०२० पासून तीवरील व्यापारी शुल्क शून्य करण्यात आले. त्यामुळे रस्त्यावरील शेंगदाणेवाल्याला दहा रुपये मोबाइलवरून मिळतात, तेव्हा ते पुरते दहाच मिळतात. तिचा खर्च बँका व सरकारी तिजोरी सोसतात, आणि तिच्यावरील बहुसंख्य व्यवहार दोनच बड्या कंपन्यांच्या ॲपमधून होतात, हे दोषही सांगितले पाहिजेत. तरीही एवढे सिद्ध झाले की, रस्ता सार्वजनिक असू शकतो आणि त्यावर जकातनाके असलेच पाहिजेत असे नाही.

येथून कार्यकर्त्यांसाठी काही निष्कर्ष निघतात. पहिला, बाजाराचा मालक व बाजारातील विक्रेता या दोन भूमिका कायद्याने वेगळ्या झाल्या पाहिजेत. केंद्राने मार्च २०२४ मध्ये डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा लोकांसमोर ठेवला, तेव्हा बड्या कंपन्यांनी त्याला कडाडून विरोध केला. समाजवादी पक्षांचा आवाज मात्र त्या चर्चेत क्षीण होता. दुसरा, कोणतेही ॲप वा खाते बंद करण्यापूर्वी कारण लेखी देणे, बाजू ऐकणे आणि कंपनीबाहेरील प्राधिकरणाकडे अपील करण्याची सोय असणे सक्तीचे व्हावे. ही मागणी पैशाच्या हिश्श्याहूनही महत्त्वाची आहे. तिसरा, शाळा, ग्रामपंचायती, आरोग्य केंद्रे यांना लागणारी मराठी ॲप्स सार्वजनिक खर्चाने आणि लहान निर्मात्यांकडून करून घ्यावीत. जाहिरातदाराला मराठी ग्राहक स्वस्त वाटतो म्हणून मराठी माणसाची गरज स्वस्त ठरू नये.

चौथा निष्कर्ष संघटनेचा. हा तरुण एकाकी आहे, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी त्याचे एकाकीपण वाढणार आहे. प्रोग्राम लिहिणे जसजसे सोपे होईल, तसतशी ॲप्सची गर्दी वाढेल, कारागिराच्या कौशल्याचा भाव घसरेल आणि बाजाराच्या मालकाचे बळ वाढेल. १९५० च्या सुमारास प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी उसाच्या बागायतदाराला जे सांगितले, तेच या कारागिराला सांगण्याची वेळ आली आहे. एकट्याने पिकविता येते, एकट्याने भाव ठरविता येत नाही. वकील, हिशेबनीस, सर्व्हर व जाहिरात यांचा खर्च वाटून घेणाऱ्या आणि दुकानदाराशी एकत्रित बोलणी करणाऱ्या निर्मात्यांच्या सहकारी संस्था उभारणे अशक्य नाही. सहकाराचे पुढे काय झाले, हे या महाराष्ट्राने पाहिले आहे. तो धडा घेऊनच नवी मांडणी करावी लागेल.

या तरुणाला ‘उद्योजक’ म्हणून गौरविणारे पुष्कळ आहेत, कारण त्या गौरवाला खर्च येत नाही. त्याला भांडवलदारांच्या छावणीत ढकलून मोकळे होणारेही आपल्यात आहेत. वस्तुतः हातमागाच्या विणकराप्रमाणेच तो आपल्या हत्यारांचा मालक आहे आणि आपल्या बाजाराचा आश्रित आहे. विणकराचा प्रश्न ज्या चळवळीने आपला मानला, तिला हा प्रश्न परका मानता येणार नाही. प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्याने आपल्या गावातील अशा दोघा-चौघांना शोधावे, त्यांचे हिशेब समजून घ्यावेत आणि त्यांना एकमेकांशी गाठ घालून द्यावी. कायद्याची मागणी त्यानंतर अधिक जोराने करता येईल.