घर बांधण्याआधी नियम बदलतो



मुंबईच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात उभ्या राहिल्या. आपल्या समाजाच्या कित्येक पिढ्या तिथे १६० चौरस फुटांच्या खोलीत वाढल्या. संडास सामाईक, अभ्यास गॅलरीत. पुढे विकास नियंत्रण नियमावलीत ३३(९)(ब) ही खास तरतूद झाली आणि म्हाडामार्फत त्याच रहिवाशांना ५०० चौरस फुटांचे घर देण्याचे ठरले. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. विटेच्या आधी नियम बदलला, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.

मात्र त्याच जागेवर अधिक घरे बसवायची तर इमारत उंच जाते. मग दोन इमारतींतील अंतर, उजेड, वारा आणि लिफ्टचा खर्च हे प्रश्न उभे राहतात. त्यांची उत्तरे नकाशा मंजूर होण्यापूर्वीच मागितली पाहिजेत.

१९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याच्या कलम ३७ नुसार विकास आराखड्यात फेरबदल करताना सूचना प्रसिद्ध होते व हरकतींसाठी एक महिना मिळतो. तो महिना आपण वाया घालवू नये. शिकलेल्या मुलांनी ती सूचना वस्तीत वाचून दाखवावी, सर्वांच्या सह्यांनिशी लेखी हरकत द्यावी. शिकण्याचा आणि संघटित होण्याचा हाही एक अर्थ आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!