गच्चीवरील पहिली गॅस-ग्रिल

वेसाव्याच्या किनाऱ्यावर संध्याकाळीं उभें राहिलें म्हणजे तीन वास येतात : खाऱ्या वाऱ्याचा, बांबूंच्या मांडवावर वाळत घातलेल्या बोंबलांचा, आणि कोळीवाड्यांतल्या एखाद्या चुलीवर भाजत असलेल्या मासळीचा. पहिले दोन ज्याला मानवत नाहींत तो येथें फार दिवस टिकत नाहीं. आणि तिसऱ्याचा ज्याला मोह पडत नाहीं असा मासे खाणारा मनुष्य माझ्या तरी पाहण्यांत नाहीं. नकाशांत या गांवाला वर्सोवा म्हणतात. गांवची माणसें अद्याप वेसावेंच म्हणतात.

आमची इमारत यारी रोडच्या आंतल्या बाजूस, तीन मजल्यांची. गच्ची सर्वांच्या सामाईक मालकीची. दोन वर्षांपूर्वीं थंडीच्या दिवसांत तेथें आम्हीं कोळशाची शेगडी पेटविली, बांगडे भाजले आणि तृप्त मनानें खालीं आलों. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तिसऱ्या मजल्यावरील सूनबाई आमच्या दारांत उभ्या राहिल्या. त्यांचे सासरे निवृत्त शिक्षक. त्यांस दम्याचा विकार आहे. "मामा काल रात्रभर बसून होते. पुन्हां पेटवाल तेव्हां आधीं सांगा, म्हणजे खिडक्या लावून घेऊं," एवढेंच त्या बोलल्या. आवाजांत राग नव्हता, आणि म्हणूनच तें वाक्य अधिक लागलें. शेगडी त्याच दिवशीं माळ्यावर गेली.

त्यानंतर वर्षभरानें एकदां जेवतांना माझी आई म्हणाली, "तव्यावरचा बांगडा चांगलाच असतो रे, पण तो विस्तवावरचा नव्हे." आईचें वय ब्याऐंशी. एका म्हाताऱ्या माणसाची इच्छा आणि दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचा श्वास, या दोहोंचा मेळ घालणें मला भाग होतें. त्यांतूनच गॅसवर चालणारी भाजण्याची शेगडी, जिला बाजारांत गॅस-ग्रिल म्हणतात, ती घेण्याचा विचार निघाला. ती कशी निवडावी, कशी मांडावी, आणि मीं कोणती चूक केली, हें आज आपणांस सांगावयाचें आहे.

गॅस हा मुंबईचा जुना रहिवासी आहे. १८६५ सालीं या शहराच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. तो दगडी कोळशापासून काढलेला गॅस होता. १९५५ च्या सुमारास टाकींत भरलेला गॅस घरोघर येऊं लागला, आणि १९९५ सालीं महानगर गॅस ही कंपनी स्थापन झाल्यावर नळानें येणारा नैसर्गिक वायु स्वयंपाकघरांत पोंचला. स्वयंपाकघर एवढें पुढें गेलें, पण भाजण्याचें काम मात्र कोळशाकडेच राहिलें. कारण कोळशावांचून ती चव येत नाहीं अशी आपली समजूत.

ही समजूत अर्धीच खरी आहे. पूर्ण रसरसलेला कोळसा म्हणजे बहुतांशीं निव्वळ कार्बन. त्याला स्वतःचा असा वास फारसा नसतो. चव येते ती दोन कारणांनीं. मासळीचें तेल आणि मसाला खालच्या विस्तवावर ठिबकून त्याची वाफ वर येते व मासळीला लागते, हें पहिलें. दुसरें कारण म्हणजे पृष्ठभाग कोरडा होऊन पुरेसा तापला कीं तो तांबूस होतो आणि त्यांतून नवे वास निर्माण होतात. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामिय माइयार यांनीं १९१२ सालीं या क्रियेचें वर्णन केलें. गॅस-ग्रिलमध्यें ज्योतींवर धातूच्या पट्ट्या बसविलेल्या असतात. ठिबकलेलें तेल त्यांवर पडून त्याची वाफ होते, आणि जाळीच्या तापानें तांबूसपणा येतो. लांकडाच्या धुराचा जो खास वास, तो मात्र येथें मिळत नाहीं. पण कोळसा पेटतां पेटतां अर्धा तास जो धूर कोंडतो, ज्यानें मास्तरांची रात्र गेली, तोही येथें नाहीं. हा सौदा मला पटला.

आतां खरेदी. माझें पहिलें सांगणें असें कीं ग्रिल दुकानांत निवडूं नये, ती जेथें राहणार त्या जागीं उभें राहून निवडावी. दुकानांत सर्वच ग्रिली चकचकीत दिसतात. गच्चीवर गेलें म्हणजे तीन प्रश्न समोर येतात : गॅस कोणता, वारा कोठला, आणि धातु कोणता.

प्रथम गॅस. टाकींतला गॅस आणि नळाचा गॅस हे दोन निराळे पदार्थ आहेत. टाकींत प्रोपेन व ब्यूटेन यांचें मिश्रण दाबानें द्रवरूप करून भरलेलें असतें. नळांत मुख्यतः मिथेन असतो. सारखीच उष्णता मिळवावयाची तर मिथेन अधिक मापानें जाळावा लागतो, म्हणून त्यासाठीं बर्नरच्या तोंडाशीं असलेल्या जेटचें छिद्र मोठें लागतें. टाकीसाठीं केलेली ग्रिल नळाला जोडली तर ज्योत मलूल राहते. आणि नळासाठीं केलेली टाकीला जोडली तर ती भडकते, काजळी धरते, आणि हें धोक्याचें आहे. तेव्हां दुकानदारास पहिला प्रश्न हाच विचारावा. दुसरें, परदेशी ग्रिलसोबत येणारा रेग्युलेटर पुष्कळदां आपल्याकडील टाकीच्या तोंडावर बसतच नाहीं. अशा वेळीं जुगाड करूं नये. वितरकाकडून योग्य रेग्युलेटर व भारतीय मानकाचा शिक्का असलेली नळी घ्यावी. ज्यांच्या घरीं नळाचा गॅस आहे त्यांनीं गच्चीपर्यंत नळी स्वतः ओढूं नये. तें काम कंपनीच्या अधिकृत माणसाचें. एका घरीं दोन प्रकारची जोडणी ठेवतां येते कीं नाहीं, याचे नियम बदलत असतात. तेही तेथेंच विचारून घ्यावेत.

टाकीच्या गॅसचा आणखी एक स्वभाव गृहस्थानें ओळखून असावा. तो हवेहून जड आहे. सुटला तर वर न जातां पाण्यासारखा खालीं पसरतो. मिथेन हवेहून हलका, तो वर निघून जातो. "गच्ची उघडी आहे, मग भीति कशाची?" असें आम्हीही म्हणालों होतों. पण चहूंबाजूंनीं कठडा असलेली गच्ची ही एक उथळ परातच होय. कोपऱ्यांत सांचलेला जड गॅस पावसाच्या पाण्याच्या मोरींतून किंवा जिन्याच्या दारांतून खालीं उतरूं शकतो. म्हणून टाकी मोरीपासून व जिन्यापासून दूर, उभी आणि सावलींत ठेवावी. आणि बंद केलेल्या सज्जांत तर ग्रिल मुळींच पेटवूं नये. तेथें आगीची भीति आहेच, शिवाय अपुऱ्या हवेंत जळणाऱ्या ज्योतींतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा वायु वासावांचून जीव घेतो.

दुसरा प्रश्न वाऱ्याचा. आमच्याकडे दुपारपासून समुद्रावरून वारा सुटतो. बहुतेक ग्रिलींना मागच्या बाजूस उष्णता बाहेर जाण्याची फट असते. वारा त्या फटींतून आंत शिरला तर उष्णता पुढें लोटली जाते, बटनें तापतात आणि उभ्या राहणाऱ्याचे हात पोळतात. म्हणून ग्रिलची पाठ समुद्राकडे करूं नये. आणि जो थोडा धूर निघेल तो कोणाच्या खिडकींत जाईल, हें उदबत्ती लावून आधींच पाहून घ्यावें. आम्हीं तसें पाहिलें, आणि ग्रिलची जागा दोनदां बदलली.

तिसरा प्रश्न धातूचा, आणि समुद्रकांठीं तो सर्वांत महागांत पडणारा. खारी हवा साध्या लोखंडाला एका पावसाळ्यांत खाऊन टाकते. स्टेनलेस स्टील म्हटलें म्हणजे गंजणार नाहीं असें नव्हे. त्यांत जाती आहेत. ३०४ या जातींत सुमारें अठरा टक्के क्रोमियम व आठ टक्के निकेल असतें. ३१६ मध्यें मॉलिब्डेनमही असतें, व तें खाऱ्या हवेला अधिक टिकतें. ४३० ही स्वस्त जात निकेलवांचून असते व तिला लोहचुंबक घट्ट चिकटतो. खिशांत लहानसा चुंबक ठेवून दुकानांत जावें. ही परीक्षा पूर्ण नव्हे, पण उपयोगी आहे. बर्नर आणि झांकण चांगल्या धातूचें असावें. पायांची चाकें दुय्यम. जाळी बिडाची मिळाली तर आपल्या गृहिणींना ती नवखी वाटणार नाहीं : बिडाच्या तव्याप्रमाणेंच तिला तेल लावून तापवावें, साबणानें घासूं नये, ओली ठेवूं नये. बर्नर निदान दोन असावेत, म्हणजे एका बाजूस प्रखर आंच व दुसरीस मंद ठेवतां येते. झांकण हवेंच. अमेरिकेंत शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स या कारखान्यांतील जॉर्ज स्टीफन यांनीं १९५२ सालीं समुद्रांत तरंगणाऱ्या लोखंडी बोयाचे दोन भाग करून झांकणाची शेगडी बनविली. ती कोळशाची होती. पण झांकणाखालीं उष्णता चहूंकडून लागते व वारा आड येत नाहीं, हा तिचा गुण गॅस-ग्रिलनेंही उचलला.

ग्रिल घरीं आली कीं घाई करूं नये. प्रथम गच्चीच्या वापराबद्दल सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी. मग सर्व सांधे आवळून, बटनें बंद ठेवून रेग्युलेटर उघडावा आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचें पाणी लावावें. बुडबुडे आले तर तेथें गळती आहे. काडी ओढून गळती शोधणें हा वेडेपणा होय. आमच्या ग्रिलच्या नळीच्या टोकाशीं असे बुडबुडे खरोखरच आले. नाकाला कांहीं कळलें नव्हतें, कारण वारा वास घेऊन जात होता. गॅसला मूळचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यांत उग्र वासाचा पदार्थ मिसळलेला असतो, पण समुद्रकांठच्या वाऱ्यांत त्यावर विसंबतां येत नाहीं. सांधा पुन्हां बसविला, पुन्हां पाणी लावलें, आणि बुडबुडे थांबल्यावरच पुढें गेलों. गळती थांबत नसेल तर रेग्युलेटर बंद करून १९०६ या क्रमांकावर कळवावें.

आतां माझी चूक. पहिल्या संध्याकाळीं वाऱ्यानें ठिणगी धरेना. मीं वारा अडावा म्हणून झांकण लावलें, आणि बटन उघडेंच ठेवून कळ दाबीत राहिलों. चौथ्या कीं पांचव्या दाबास आंत सांचलेल्या गॅसनें एकदम पेट घेतला. मोठा 'भप्प' असा आवाज झाला, झांकण उडालें, माझ्या भुंवया गेल्या. माझा नऊ वर्षांचा पुतण्या हातभर अंतरावर उभा होता. त्याला कांहीं झालें नाहीं. पण आई त्याला जवळ ओढून घेऊन नुसती माझ्याकडे पाहत राहिली, तें पाहणें मी विसरलेलों नाहीं. माहितीपत्रकांत पहिल्याच पानावर लिहिलें होतें कीं पेटवितांना झांकण उघडें असावें. तें मीं वाचलें नव्हतें, आणि ग्रिल मात्र तीन दुकानें हिंडून घेतली होती. म्हणून श्रोतेहो, हे तीन नियम पाठच करावेत : झांकण उघडल्यावांचून पेटवूं नये, पांच-सात सेकंदांत न पेटल्यास गॅस बंद करून पांच मिनिटें थांबावें, आणि मुलांना दूर ठेवावें.

त्यानंतर नव्या ग्रिलला पंधरा-वीस मिनिटें मोठ्या आंचेवर रिकामी तापवावी, म्हणजे कारखान्यांतलें तेल जळून जातें. ज्योत निळी असावी. पिवळी व काजळी धरणारी दिसली तर हवेचा मार्ग तपासावा. पावसाळ्यांत ग्रिल पडून असते तेव्हां बर्नरच्या नळींत कोळी जाळें विणतात आणि हवा अडते. म्हणून पहिल्या वापरापूर्वीं नळी ब्रशानें साफ करावी. आच्छादन घालावें, पण ग्रिल थंड व कोरडी झाल्यावर. ओलीवर घातलेलें आच्छादन खारी दमट हवा आंत कोंडून ठेवतें.

मासळीविषयीं कोळीवाड्यांतल्या एका मावशींनीं मला जें सांगितलें तें कोणत्याही पत्रकांत नव्हतें. ओला बोंबील जाळीवर घालूं नये. त्यांत पाणीच फार, तो तुटून खालीं पडतो. बांगडा अख्खा घ्यावा किंवा सुरमईच्या जाड तुकड्या. मीठ, हळद, तिखट व आगळ लावून मुरूं द्यावें, आणि आंचेवर घालण्यापूर्वीं वरचें पाणी कोरड्या फडक्यानें टिपून घ्यावें. पृष्ठभाग ओला असेल तोंवर त्याचा ताप पाण्याच्या उकळीच्या पुढें जात नाहीं, मग तांबूसपणा कोठून येणार? जाळी चांगली तापवून तेलाचा बोळा फिरवावा, मासा ठेवावा, आणि त्याला हात लावूं नये. घाईनें उलटला कीं कातडी जाळीला राहते. चार-पांच मिनिटें धीर धरला तर तो आपणच सुटतो. शेवटीं आधीं रेग्युलेटर बंद करावा, नळींतला गॅस जळून जाऊं द्यावा, आणि मग बटनें फिरवावीं.

दुसऱ्यांदा ग्रिल पेटविण्यापूर्वीं मी तिसऱ्या मजल्यावर गेलों. मास्तरांना सर्व हकिगत सांगितली, माझ्या भुंवया दाखविल्या. ते पुष्कळ हंसले, आणि म्हणाले, "पेटवा. त्रास झाला तर मी निरोप पाठवीन." त्या संध्याकाळीं आईनें दोन बांगडे खाल्ले आणि कांहींएक बोलली नाहीं, तिची पसंती अशीच असते. मी अधूनमधून कठड्यावरून वांकून पाहत होतों. मास्तरांची खिडकी उघडी होती. रात्रीं दहा वाजतां आम्हीं गॅस बंद केला तेव्हांही ती उघडीच होती, आणि निरोप आला नव्हता.