सामाईक बागेची माती : नंदेसरीच्या निमित्ताने काही विचार

नैवेद्याच्या पानावर वाढलेली भाजी कोणत्या मातीत वाढली, हा प्रश्न पूर्वीच्या पिढीला विचारावा लागत नसे. परसातील अळू, कुंपणावरचा दोडका, विहिरीच्या पाटाकडेची मेथी ह्यांची माती घरच्या माणसांच्या नखांत असे. पुढे शहरे वाढली, परसे गेली. आणि बाजारातील भाजीविषयीच्या अविश्वासामुळे आता अनेक ठिकाणी चार-दहा कुटुंबे एकत्र येऊन एखादा मोकळा तुकडा सामाईकपणे कसू लागली आहेत. प्रत्येकाकडे एक-दोन वाफे, पाणी एक, खताचा खड्डा एक, आणि रासायनिक खत वा औषध कोणीही घालावयाचे नाही असा आपसांतील करार, हे ह्या बागांचे सर्वसाधारण रूप होय. उपक्रम स्तुत्य आहे ह्यात शंका नाही. परंतु रासायनिक खत घातले नाही एवढ्यानेच भाजी निर्दोष झाली, ही समजूत मात्र तपासून पाहिली पाहिजे; आणि ती तपासण्यास बडोद्याजवळच्या नंदेसरीइतके योग्य ठिकाण क्वचितच सापडेल.

नंदेसरी हे बडोद्याच्या उत्तरेस, मही नदीच्या काठाजवळचे गाव. येथील जमीन गुजरातीत जिला गोराडू म्हणतात त्या जातीची : वाळूमिश्रित, भुसभुशीत, पाण्याचा निचरा चटकन होणारी. तंबाखू, केळी आणि भाजीपाला ह्यांना ती मानवते. तिचा गुण हाच तिचा दोषही आहे. पाणी ती धरून ठेवीत नाही, आणि वरून ओतलेले जे काही पाण्यात विरघळते ते खालच्या झऱ्यांपर्यंत पोचावयास तिच्यात फार अडथळा नाही. अशा भूमीवर १९७० च्या सुमारास औद्योगिक वसाहत उभी राहिली व रंगद्रव्ये, औषधी द्रव्ये आणि इतर रसायने ह्यांचे कारखाने तेथे आले. जवळच कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना १९६५ मध्ये, तर बडोद्याचा मोठा खतकारखाना १९६७ मध्ये सुरू झालेला होता. ह्या सर्व टापूचे सांडपाणी वाहून नेण्यासाठी धनोरा ते सारोद असा सुमारे ५६ किलोमीटर लांबीचा कालवा बांधण्यात आला. १९८३ मध्ये सुरू झालेला हा कालवा पादरा आणि जंबुसर तालुक्यांतून महीच्या मुखाकडे जातो. पादरा म्हणजे बडोद्याला भाजी पुरविणारा तालुका, हे येथे लक्षात घ्यावे. उलट नंदेसरीच्याच आसपास फाजलपूर, रायका, दोडका ह्या गावांपाशी नदीच्या पात्रात खोदलेल्या विहिरींचे पाणी बडोदे शहर पिते. एकच नदी, एकच काठ. आणि त्यावर दोन्ही व्यवहार चाललेले. औद्योगिक टापूतील भूजल ठिकठिकाणी दूषित झाल्याचे सरकारी तपासण्यांतूनही वेळोवेळी दिसून आले आहे.

अशा ठिकाणी सेंद्रिय बागेने काय करावे, हे सांगण्यापूर्वी सेंद्रिय खताचे खरे सामर्थ्य कोणते ते पाहणे इष्ट होईल. ह्या विद्येचा इतिहास मराठी माणसाला परका नाही. इंदुरास १९२४ मध्ये स्थापन झालेल्या वनस्पतिसंशोधन संस्थेत आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड ह्यांनी शेतातील टाकाऊ पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख ह्यांचे थर रचून, तीन वेळा उलथापालथ करून, सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत तयार करण्याची पद्धत बसविली. १९३१ मध्ये दोघांच्या नावाने ह्या विषयावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. जगभर त्या पद्धतीला इंदूर पद्धत म्हणतात. हॉवर्डांचे नाव सर्वतोमुखी झाले, वाडांचे मात्र महाराष्ट्रातही फारसे कोणी घेत नाही. हॉवर्डांनी ही दृष्टी आपण येथील शेतकऱ्यांपासून आणि चिनी शेतीच्या परंपरेपासून घेतली असे मोकळेपणाने सांगितले आहे.

पुढे यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे ह्यांनी ह्याच विचाराला निराळे वळण दिले. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती पद्धत नाडेप म्हणून ओळखली जाते. दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच असे विटांचे टाके, त्याच्या भिंतींत हवा खेळावी म्हणून ठेवलेली भोके, आणि आत काडीकचरा, शेणकाला व चाळलेली माती ह्यांचे एकावर एक थर; वरून शेणमातीने लिंपून टाकावयाचे. येथे उलथापालथ नाही. तीन-चार महिन्यांनी साधारण तीन टन खत मिळते, आणि त्यास शेण लागते ते अवघे आठ-दहा पाट्या. ज्या सामाईक बागेत गुरे नाहीत, आणि खड्डा उपसण्यास वेळ असलेली माणसेही नाहीत, तेथे ही पद्धत अधिक सोयीची. टाके भरताना मात्र आठ दिवस रेंगाळत भरू नये. सर्व सामग्री आधी जमवून एक-दोन दिवसांत ते पुरे करावे. अन्यथा थर एकसारखे कुजत नाहीत.

गोराडू जमिनीत असे खत पडले म्हणजे तिचा स्वभाव बदलतो. वाळूचे कण परस्परांना धरू लागतात, ओल टिकते, मुळांना आश्रय मिळतो. खड्ड्याच्या आतील उष्णतेने तणांचे बी आणि रोगजंतू मरतात. कित्येक कीटकनाशकांचे व तेलांचे अंशही जिवाणू हळूहळू फोडून टाकतात. येथवर सेंद्रिय खताची स्तुती सार्थ आहे.

परंतु शिसे, कॅडमियम, क्रोमियम ह्या धातू आहेत, आणि धातू कुजत नाही. दहा पाट्या पाला कुजून चार पाट्या खत झाले, तर पाला कमी झाला, धातू कमी झाली नाही. चार पाट्यांत ती अधिक दाट झाली. कारखान्याच्या कुंपणालगतचा अथवा वाहत्या हमरस्त्याच्या कडेचा पाचोळा फुकट मिळतो म्हणून आणणे ह्या कारणाने धोक्याचे आहे. खत भरपूर असले म्हणजे मातीतील काही धातू तिच्याशी बांधली जाऊन पिकात कमी चढते, हे खरे. ती मातीतून नाहीशी होते, हे खरे नव्हे.

म्हणून पहिले काम नांगरटीचे नसून परीक्षेचे आहे. येथे एक गैरसमज फार आढळतो. २०१५ पासून देशभर दिल्या जाणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टींची नोंद असते : नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, आणि आम्लता, क्षारता व सेंद्रिय कर्ब. पिकाला काय कमी पडते हे त्यावरून कळते. खाणाऱ्याला काय बाधेल हे त्यावरून कळत नाही, कारण शिसे आणि कॅडमियम त्या बारांत नाहीत. ती तपासणी निराळी मागून घ्यावी लागते, आणि तिचा खर्च एकट्या कुटुंबाला जड जातो. दहा कुटुंबांनी वर्गणी करावी, अशी बागेतील ही पहिली गोष्ट होय. बी आणि खुरपी त्यानंतर. पाण्याचीही परीक्षा त्याच वेळी करावी. विंधणविहिरीचे पाणी मचूळ वा रंगीत लागत असेल तर ते गाळून, तुरटी फिरवून अथवा शेणखत वाढवून शुद्ध होत नाही. त्या पाण्यावर भाजी करू नये, हेच उत्तर.

परीक्षेत माती वाईट ठरली तर बाग सोडून द्यावी काय? तशी आवश्यकता नाही. ह्या प्रश्नाचे उत्तर कोल्हापुरास श्रीपाद अच्युत दाभोळकर (१९२४-२००१) ह्यांनी वेगळ्या निमित्ताने दिलेले आहे. ते मूळचे गणिताचे अध्यापक. ‘प्रयोग परिवार’ ह्या नावाने त्यांनी शेतकऱ्यांचे जाळे उभे केले, आणि दहा गुंठ्यांत पाच माणसांचे कुटुंब कसे पोसेल ह्याचा हिशेब मांडला. माती ही मिळते तशी घ्यावयाची वस्तू नसून पाल्यापाचोळ्यातून घडवावयाची वस्तू आहे, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी ह्यांनी उसाची चिपाडे पिंपांत व पिशव्यांत भरून गच्चीवर भाज्या व फळझाडे वाढविली. पुढे मुंबई बंदराच्या मध्यवर्ती उपाहारगृहाच्या गच्चीवर तेथल्याच स्वयंपाकघरातील कचऱ्याची माती करून कर्मचाऱ्यांनी बाग फुलविली. गोद्यांच्या परिसरात, जेथे पायाखालच्या जमिनीवर कोणी कोथिंबीर पेरण्याचे धाडस करणार नाही, तेथे ती बाग झाली हे विशेष. नंदेसरीसारख्या ठिकाणी हाच मार्ग योग्य. विटांचे दीड-दोन फूट उंचीचे वाफे बांधावे, खालची माती वर मिसळणार नाही असा तळ करावा, आणि ज्याचे मूळ ठाऊक आहे अशाच पाल्याची, शेणाची व आणलेल्या चांगल्या मातीची भर घालावी.

ज्यांची माती मध्यम ठरेल त्यांनी पिकांची निवड विचाराने करावी. पालक, माठ, मेथी ह्या पालेभाज्या आणि मुळा, गाजर ही कंदमुळे धातू अधिक घेतात अथवा मातीला अधिक चिकटून असतात. भोपळा, दोडका, भेंडी, वांगी ह्यांच्या फळांत ती त्या मानाने कमी उतरते. पानांवर बसलेली धूळ हा शिसे पोटात जाण्याचा एक मोठा मार्ग आहे. तेव्हा उसाचे पाचट वा वाळलेले गवत ह्यांचे चार बोटे आच्छादन घालून माती झाकावी, म्हणजे पावसाच्या थेंबाबरोबर ती पानावर उडत नाही. ओलही टिकते आणि खुरपणीही कमी होते.

राहिली वाफ्याची नित्य निगा. सामाईक बागेत कीड कोणाच्या वाफ्याची सीमा पाळीत नाही. एकाने मावा पडलेली चवळी तशीच ठेवली की शेजाऱ्याचे कष्ट वाया जातात. एकाने तण बियांवर येऊ दिले की पुढची खुरपणी सर्वांवर पडते. परगावी जाणाऱ्याने आपला वाफा कोणाच्या स्वाधीन केला हे सांगून जावे, इतका साधा नियम पाळला तरी बहुतेक भांडणे टळतात. (अशा बागा किडीपेक्षा भांडणाने अधिक मोडतात.) किडीसाठी पाच किलो निंबोळ्यांची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, शंभर लिटर पाणी करून फवारावे, तेही उतरत्या उन्हात, मधमाश्या फुलांवर नसताना. कोबीभोवती मोहरीची एक ओळ लावली तर चौकोनी ठिपक्याचा पतंग तिकडे ओढला जातो. टोमॅटो किंवा वांगी लावण्याआधीच्या हंगामात त्या वाफ्यात झेंडू घेतला तर मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी कमी होतात, आणि फुले पूजेस मिळतात.

पूजेचा उल्लेख आला, तेव्हा निर्माल्याविषयी सांगणे प्राप्त आहे. निर्माल्य नदीत न टाकता त्याचे खत करावे, हा विचार आता सर्वत्र रुजला आहे व तो उत्तम आहे. दोरे, जरी व प्लॅस्टिक काढून टाकावे हेही बहुतेकांस ठाऊक असते. एक गोष्ट मात्र सहसा ध्यानात येत नाही. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचेच एक भस्म होय. मारुतीच्या अंगावरून उतरलेली रुईची माळ आणि गणपतीच्या चरणांवरील दूर्वा ह्यांना तो लागलेला असतो. अशा शनिवारच्या माळा वर्षभर एकाच टाक्यात पडल्या, तर कारखान्याच्या धुराची भीती बाळगणाऱ्या बागेत शिसे मागल्या दाराने शिरते. शेंदूर लागलेले निर्माल्य निराळ्या झाकणाच्या पेटीत ठेवावे, आणि ती नदीत वा खड्ड्यात रिकामी न करता घातक कचरा स्वीकारणाऱ्यांच्या स्वाधीन करावी. शिसे नसलेला शेंदूर मिळत असेल तेथे तोच आणावा. बाकीची फुले, बेल, तुळस आणि नारळाच्या शेंड्या टाक्यात खुशाल जाऊ द्याव्या. शेंड्या मात्र तोडून बारीक कराव्या, त्या कुजावयास फार दिवस घेतात.