दगडातले मीठ आणि नीरेचे पाणी



कॉलेजची पायरी आम्ही चढलो नाही. रसायनशास्त्र शिकलो ते ग्रंथालयातल्या पुस्तकांतून. पण युनियनच्या कामात आम्हांला एक सवय जडली. कुठेही गेलो की विचारायचे : आले किती, गेले किती, आणि शिल्लक कुणाच्या पदरात पडली? आज हाच हिशेब भोर-वेल्ह्याच्या दगडाचा मांडू.

तोरणा आणि राजगड ज्या काळ्या पाषाणावर उभे आहेत, तो बेसॉल्ट. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी वर आलेल्या लाव्हाचे थर एकावर एक साचले, त्यांचा हा दगड. त्याचे मूळ भूकवचाखालच्या प्रावरणात. तिथे सोडियमचे ऑक्साइड शेकडा अर्ध्याहूनही कमी. पण प्रावरणाचा थोडाच भाग वितळतो, आणि सोडियम घन दगडात न राहता त्या रसात उतरते. म्हणून बेसॉल्टमध्ये तेच प्रमाण शेकडा दोन-अडीच भरते.

पुढचे काम पावसाचे. हवेतला नि मातीतला कार्बन डाय-ऑक्साइड घेऊन पाणी सौम्य आम्ल बनते आणि दगड हळूहळू कुजतो. सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम पाण्याबरोबर निघून जातात. लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहतात. महाबळेश्वरच्या माथ्यावरचा तांबडा जांभा ही त्या शिलकीचीच खूण.

वेळवंडीवर भाटघरला अडवलेले पाणी नीरेत येते आणि डाव्या कालव्याने बारामतीकडे जाते. पाणी गोडच, क्षार थोडेच. पण पिके पाणी घेतात, ऊन पाणी घेते, मीठ मात्र कुणी फारसे घेत नाही. शिवाय निचरा नसला की काळ्या रानात पाण्याची पातळी वर चढते आणि जमिनीतले जुने क्षारही वर आणते. नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर हॅरल्ड मॅन आणि ताम्हणे यांनी 1910 सालीच पुस्तिका लिहिली. म्हणजे दुखणे काही आजचे नाही.

या जमिनीत सोडियम करते काय? कॅल्शियम चिकणमातीचे कण जुळवून ठेवते. सोडियम त्यांना फोडते. कण सुटे होऊन छिद्रे बुजतात, पाणी मुरेनासे होते, जमीन चोपण बनते. एकजूट कोण राखतो आणि फूट कोण पाडतो, हे चळवळीतल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही!

उपाय ठाऊक आहे. जिप्सम घालावे; त्यातले कॅल्शियम सोडियमला मातीवरून हुसकते. पण हुसकलेले सोडियम वाहून न्यायला चर हवा, आणि एकाच्या रानातला चर शेजाऱ्याच्या रानातूनच ओढ्याला मिळतो. एकट्याने खणलेला चर बांधापाशी संपतो. म्हणजे रसायनशास्त्राचा प्रश्न शेवटी संघटनेचाच प्रश्न होतो.

भाटघरच्या जलाशयाखाली या मुलुखाच्या जमिनी गेल्या. त्या पाण्याने खालचे रान पिकले, तर त्या त्यागाचे काही मोल झाले. तेच रान पांढरे पडले, तर वरची जमीनही गेली आणि खालचीही. हा तोटा सोसायचा की चर खणायचे, हे दोन्ही टोकांच्या माणसांनी एकत्र बसून ठरवावे, एवढेच आमचे मागणे.